हवं ते कॉलेज मिळालं नाही: पुण्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पाऊस आणि प्रवेश एकदमच येतात. वीसेक वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना जून-जुलैत मी प्रवेशाच्या मदतकेंद्रावर बसायचे. पालक यायचे फॉर्मबद्दल विचारायला आणि पाच मिनिटांत मुलाबद्दल बोलायला लागायचे. त्या टेबलावर आणि आता सोसायटीच्या जिन्यात मला जे प्रश्न हमखास विचारले जातात, ते इथे लिहिले आहेत. काही उत्तरं माझ्या स्वतःच्या चुकांमधून आलेली आहेत. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेजारी उघडी असू द्या.

यादी लागली, नाव भलत्याच कॉलेजात आलं. पहिल्या तासात मुलाशी काय बोलायचं?

फार काही नाही. "वाईट झालं रे. तुला ते किती हवं होतं, माहीत आहे मला." एवढं म्हणा आणि चहा टाका.

काय बोलू नये याची यादी मोठी आहे. "तरी मी सांगत होते, मोबाइल कमी कर" हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. "जे होतं ते चांगल्यासाठीच" हेही नको. आणि सगळ्यात टाळायचं वाक्य म्हणजे "अरे, हे कॉलेजही चांगलंच आहे." ते टाळायचं कारण असं की ते बहुतेक वेळा खरं असतं. खरं असूनही त्या घडीला मुलाच्या कानावर एवढंच पडतं की तुझं रडणं उगाच आहे. तेच वाक्य चार-पाच दिवसांनी उपयोगी पडतं.

माझ्या मुलीला तिचं कॉलेज मिळालं नाही, तेव्हा मी पहिल्या दहा मिनिटांत तिला मिळालेल्या कॉलेजची लायब्ररी किती मोठी आहे ते सांगत सुटले होते. ती म्हणाली, "आई, तू आधी थांब ना जरा." वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना समजावणारी बाई मी.

मुलगी रडत नाही, बोलत नाही, नुसती फोनवर आहे. हे बरोबर आहे का?

दोन-तीन दिवस चालेल. सतरा वर्षांची मुलं आई-बाबांसमोर रडतीलच असं नाही, मैत्रिणीशी चॅटवर रडतात. दार वाजवून जेवायला बोलवा, आली नाही तर ताट आत द्या. चर्चा मात्र दारात उभं राहून करू नका. गाडीत किंवा स्कूटरवर मुलं जास्त बोलतात, कारण तेव्हा कुणाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही.

टेकडीवर घेऊन जा असं मी सगळ्यांना सांगते. फक्त फर्ग्युसन हुकलं असेल तर हनुमान टेकडी नको, ती त्या कॉलेजच्या पाठीलाच आहे. वेताळ टेकडीवर जा.

तिला सावरायला वेळ हवा आहे, पण प्रवेश निश्चित करायची मुदत तीन-चार दिवसांचीच. हे कसं जमवायचं?

खरी अडचण हीच आहे. दुःखाला वेळ लागतो आणि पोर्टल वेळ देत नाही. या कात्रीत सापडून घरोघर भांडणं होतात. आई म्हणते, "रडत बसू नकोस, उद्या शेवटची तारीख आहे." मुलगी म्हणते, "मला कुठेच जायचं नाही."

मी सांगते ती वाटणी अशी: कागद पालकांचे, निर्णय मुलाचा. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर, उत्पन्नाचा दाखला हे सगळं तुम्ही एका फायलीत लावा. झेरॉक्स काढून आणा. यादी लागली त्या दिवशी पोर्टलबद्दल बोलू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीस मिनिटं मागून घ्या आणि तेवढ्या वेळात एकच प्रश्न सोडवा: ही जागा धरून ठेवायची की पुढच्या फेरीची वाट पाहायची? वीस मिनिटं झाली की विषय बंद. बाबांना आणखी एक मुद्दा आठवला तरी बंद.

नियम नीट माहीत असले की ही वीस मिनिटं पुरतात. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया 2025-26 पासून राज्यभर लागू झाली आहे. पसंतीक्रम जास्तीत जास्त 10 भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं. दुसऱ्या किंवा त्याखालच्या पसंतीचं मिळालं तर थांबून पुढच्या फेरीत उतरता येतं. म्हणून घाबरून पहिल्या क्रमांकावर "सेफ" कॉलेज टाकू नका. ते मिळालं की दार बंद होतं, आणि मग मुलाच्या दुःखात "फॉर्म तुम्हीच भरला होता" ही भर पडते.

इंजिनिअरिंगमध्ये मिळालेली जागा स्वीकारून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबता येतं. 2025 मध्ये नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादी मिळाली किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, तर ती जागा आपोआप पक्की होते. म्हणजे वरच्या सहा ओळींत मनापासून नको असलेलं नाव भरायचंच नाही.

रागाच्या भरात मुलं "घेतच नाही प्रवेश" म्हणतात. त्यांना सांगा, ही जागा आपण फक्त हातात ठेवतोय. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त ₹1,000 कापून बाकीची फी परत मिळते. जागा धरली म्हणजे हार मानली असं होत नाही, हे मुलाला कळलं की ते सहीला तयार होतं.

इतक्या थोडक्यात हुकलं! आमचा मुलगा खरंच कमी पडला का?

कटऑफ कसा तयार होतो ते मुलाला एकदा शांतपणे सांगा, कागदावर आकडे मांडून. कॉलेज आधी बसून कटऑफ ठरवत नाही. जागा भरत जातात आणि ज्या मुलाच्या नावावर शेवटची जागा पडते, त्याचे गुण म्हणजे कटऑफ. गेल्या वर्षीच्या कटऑफवर विसंबून "मिळणारच" म्हणत राहिलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. यंदा आपल्या पुढे कोण उभं आहे ते त्या आकड्यात नसतं.

पर्सेंटाइलचं तर आणखी वेगळं. एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, पीसीएम गटाचा पेपर 200 गुणांचा: गणित 100, भौतिकशास्त्र 50, रसायनशास्त्र 50. निकाल मात्र पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे तुमच्या मागे किती टक्के मुलं आहेत ते सांगणारा. समजा 3 लाख मुलं परीक्षेला बसली, तर 0.1 पर्सेंटाइलमध्ये 300 मुलं मावतात. म्हणजे 99.2 आणि 99.3 यांच्यात केसाएवढा फरक दिसतो आणि रांगेत मात्र 300 डोकी पुढे असतात. एखाद-दुसरा प्रश्न इकडचा तिकडे झाला की माणूस तेवढा मागे जातो.

यातून "तू कमी पडलास" असं निघत नाही, आणि "तुझी काही चूक नाही" असंही निघत नाही. मुलाला स्वतःला माहीत असतं आपण डिसेंबरात काय केलं ते. खोटी समजूत घातली तर ती ओळखायला त्याला वेळ लागत नाही.

पेपर पुन्हा तपासून घ्यावेत का?

अकरावीच्या प्रवेशात दहावीचे सर्वोत्तम पाच विषयांचे 500 पैकी गुण धरतात, त्यामुळे तिथे दोन-तीन गुणांनी फरक पडू शकतो. बोर्डाकडून आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाचे पाचच दिवस असतात. ती विषयाच्या शिक्षकांना दाखवूनच पुढे जा.

इंजिनिअरिंगला गुणवत्ता सीईटीवर ठरते. बारावीचे पीसीएम गटाचे गुण खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीव प्रवर्गांना 40 टक्के असले की पात्रता पूर्ण. तिथे बारावीचे चार गुण वाढवून आणण्यात जुलै घालवू नका.

खरं सांगायचं तर माझीच झोप उडाली आहे. हे कुणाला सांगू?

मुलाला सोडून कुणालाही.

पुण्यात "कुठल्या कॉलेजचे?" हा प्रश्न आडनावानंतर लगेच येतो. 1854 सालापासूनचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज, 1885 चं फर्ग्युसन, 1916 चं स. प., 1943 चं कॉमर्सचं बीएमसीसी... घराघरांत आजोबा तिथले, काका तिथले, बाबांचं थोडक्यात राहिलेलं. मूल दहावीत जायच्या आधीच त्याच्या स्वप्नाला पत्ता मिळालेला असतो. कित्येकदा टेबलासमोर बसलेल्या मुलाकडे पाहून मला वाटायचं, याला वाईट वाटतंय ते कॉलेज गेल्याचं कमी आणि बाबा गप्प झाल्याचं जास्त.

एका मुलाने मला थेट विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही बाबांना समजवाल का? मी ठीक आहे." तेव्हापासून मी पालकांना आधी विचारते: तुमचं काय हुकलं होतं? अर्धे हसतात, अर्ध्यांचे डोळे भरतात. ते बोलणं नवरा-बायकोत, भावाबरोबर, ऑफिसातल्या मित्राबरोबर करा. मुलाच्या खोलीच्या भिंतीला लागून करू नका. आपल्या फ्लॅटच्या भिंती पातळ असतात आणि मुलं झोपलेली नसतात.

नातेवाईकांचे फोन सुरू झालेत. काय सांगायचं?

आधी मुलीला विचारा, "आत्याला काय सांगू?" तिने ठरवलेलं वाक्य घरातल्या सगळ्यांनी तस्संच्या तस्सं म्हणायचं. "अमुक कॉलेजात घेतोय, पुढची फेरी बघतोय" एवढं पुरतं. गुण सांगायचे नाहीत, कारणं द्यायची नाहीत, "तिचा पेपर अवघड होता" वगैरे बचावही नको. बचाव ऐकला की मुलीला वाटतं, लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे म्हणूनच आई झाकतेय.

सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो येतील. तुम्ही अभिनंदन लिहा आणि ग्रुप म्यूट करा.

जिवलग मैत्रिणीला तिथेच प्रवेश मिळाला. आता दोघी बोलत नाहीत.

बोलतील. मध्ये पडू नका. मैत्रिणीच्या आईला फोन करून "तिला समजाव ना" असं तर मुळीच नको. हेवा वाटणं आणि हेवा वाटल्याची लाज वाटणं, दोन्ही एकदम चालू असतं. "वाटणारच गं" एवढं म्हणा.

मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेऊन टाकावा का? पैशांची सोय होईल.

आधी कायद्याचं. अकरावीत व्यवस्थापन कोटा 5 टक्के असतो, खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांत संस्थास्तरावरच्या जागा असतात, आणि या जागा रीतसर असतात. पावतीशिवाय वर मागितलेली रक्कम मात्र रीतसर नसते. राज्यात कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा 1987 पासून आहे. "ओळख आहे, आतून काम होईल" म्हणणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

फीचा हिशेब लिहून काढा आणि सवलती तपासा. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींना 2024 मध्ये जी फीमाफी मिळाली (आर्थिक दुर्बल, एसईबीसी म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, आणि ओबीसी प्रवर्ग, वार्षिक उत्पन्न ₹8 लाखांपर्यंत), ती केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच मिळते. मॅनेजमेंटच्या जागेवर ती जाते.

आणि एक हिशेब कागदावर येत नाही. गावाकडची जमीन विकून किंवा कर्ज काढून घेतलेल्या जागेवर बसलेल्या मुलाला नापास व्हायची मुभा नसते, शाखा बदलावीशी वाटली तर तोंड उघडता येत नाही. पैसे सहज असतील आणि मूल स्वतः मागत असेल तर जरूर विचार करा. तुम्हीच सुचवत असाल तर थोडं थांबा, बाबांच्या गप्प बसण्याचा प्रश्न वर आला आहे तो पुन्हा वाचा.

ड्रॉप घ्यावा का, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यावी का?

निकालाच्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नये. दुर्दैवाने क्लासवाल्यांचे "रिपीटर बॅच"चे फोन त्याच आठवड्यात येतात, आणि नंबर त्यांना कुठून मिळतो हे मला आजवर कळलेलं नाही.

मी मुलाला तीन गोष्टी लिहून आणायला सांगते: या वर्षी नक्की काय चुकलं, पुढच्या वर्षी त्यातलं काय वेगळं करणार, आणि पुन्हा हुकलं तर काय. तिसऱ्याचं उत्तर कोरं आलं तर ड्रॉप नको. परीक्षेचे नियमही पाहा. आयआयटीची जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते. मेडिकलच्या नीट परीक्षेला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणून तिथे तिसरं, चौथं वर्ष कधी सुरू झालं ते घराला कळतच नाही.

ड्रॉपचं वर्ष एकटेपणाचं असतं. मित्र कॉलेजात, हा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, आजूबाजूला स्पर्धा परीक्षांचे तिशीकडे निघालेले दादा-ताई. हे सोसेल असा स्वभाव आहे का, हे तुम्हाला क्लासवाल्यापेक्षा जास्त कळतं.

कॉलेज मोठं की ब्रांच?

शाखा आवडीची असेल तर शाखा. मुलाला खरंच काही ठरवता येत नसेल तर कॉलेज, आणि जायला-यायला रोज तीन तास लागत असतील तर यांतलं काहीच नाही, जवळचं. पीएमपीएमएलमध्ये लोंबकळून दमलेल्या मुलाला कॉलेजचं नाव फारसं पुरत नाही.

पुढे कधी त्या कॉलेजात जाता येतं का?

येतं. अकरावी दुसरीकडे केलेली मुलं बारावीनंतर पदवीला तिथे जातात, पदवी दुसरीकडे केलेली पदव्युत्तरला जातात. डिप्लोमा केलेल्यांना इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे. पण हे पहिल्या आठवड्यात आमिष म्हणून दाखवू नका. मिळालेलं कॉलेज मग वेटिंग रूम होतं आणि मूल दोन वर्षं तिथे बॅग न उघडता बसतं.

कॉलेज सुरू होऊन दीड महिना झाला, तरी "मला नाही आवडत" चालूच आहे.

कॉलेज न आवडणं आणि कुणी ओळखीचं नसणं यांत मुलांची गल्लत होते. एका गोष्टीत नाव घालायला सांगा: एनएसएस, एनसीसी, नाटकाचा ग्रुप, काहीही. पुण्यात पावसाळ्यात एकांकिका स्पर्धांच्या तालमी लागतात, तिथे नुसते कपडे सांभाळायला गेलेली मुलंही महिन्याभरात "आमचं कॉलेज" म्हणायला लागतात. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता पैज लावते.

काळजी कधी करायची? मदत कुठे मिळेल?

दोन-तीन आठवडे झाले तरी झोप, जेवण, अंघोळ यांची घडी बसत नसेल, एकाही मित्राशी बोलणं उरलं नसेल, आधी आवडणारी गोष्टही नकोशी झाली असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास", "मी नसते तर बरं झालं असतं" अशी वाक्यं आली किंवा मूल आपल्या आवडत्या वस्तू वाटायला लागलं, तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

अशा वेळी सरळ विचारा: "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका, एकटं सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 आहे. धोका त्याच क्षणी वाटत असेल तर 112 किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा.

धाकट्याला काय सांगायचं?

जे झालं ते. आणि "तू तरी नीट अभ्यास कर" हे वाक्य ताईच्या देखत किंवा पाठीमागे कधीही म्हणायचं नाही.

मावसभावाने त्या कॉलेजच्या गॅदरिंगचा टी-शर्ट आधीच आणून दिला होता. तो लपवून ठेवू का?

लपवू नका, टाकूही नका. कपाट तिचं आहे. आमच्या घरात असाच एक टी-शर्ट होता. आठ महिने तो तळाच्या कप्प्यात घडी घालून पडला होता. पुढच्या वर्षीच्या रंगपंचमीला सकाळी तिने तो बाहेर काढला, घालून खाली गेली आणि दुपारी कुठल्या रंगाचा होता ते ओळखू येणार नाही असा घेऊन वर आली. आता आम्ही त्याने स्कूटर पुसतो.